दादा हयात आहे

माझा चुलत भाऊ जिवंत आहे. एवढं साधं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं का लागली, ते सांगायला बसलो आहे. आज सकाळीच तो आमच्या ओट्यावर येऊन गेला. गुडघ्यांना शिव्या घातल्या, पोह्यांत मीठ कमी आहे असं माझ्या सुनेला ऐकवलं आणि दुसरी बशी मागून खाल्ली. मेलेला माणूस असं करत नाही. तरी या राज्यातल्या कितीतरी घरांत तो कैलासवासी आहे. त्याच्या फोटोला हार घातलेला त्या लोकांनी टीव्हीवर पाहिला आहे आणि त्याच्यासाठी पदरानं डोळे पुसले आहेत. त्यांना रडवणारा माणूस मी.

तो माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात मला सगळे गुरुजी म्हणतात. शाळेत मी काय शिकवलं ते कुणाच्या लक्षात नाही, पण मी श्रद्धांजली चांगली वाहतो हे आसपासच्या गावांना माहीत आहे. आमच्याकडे अंत्यविधी झाला की लोक उठून जाण्याआधी तिथंच, चितेच्या बाजूला, भाषणं होतात. सरपंच बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, सोयऱ्यांपैकी एखादा बोलतो आणि शेवटी गुरुजी. माझं भाषण एकच होतं. माणूस बदलायचा, भाषण तेच. मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी अशी सुरुवात. मग त्याच्या एखाद्या गुणाची गोष्ट. मग आवाज थोडा खाली. आणि शेवटी, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. परगावाहून आलेल्या माणसाला वाटायचं, केवढा थोर माणूस गेला. गेलेला माणूस जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरत आलेला असायचा. पण त्या जागी ते सांगायचं नसतं.

दादाच्या पोराला गाण्याचा नाद होता, आणि दादाला त्या नादाचं वावडं होतं. दादाची जमीन चांगली, पाणी चांगलं, हळद तर अशी की वसमतच्या मार्केटात व्यापारी ढीग बघूनच म्हणायचे, हा माल कुणाचा ते ओळखलं. एकुलतं एक पोरगं या सगळ्याला सोडून पेटी घेऊन बसतं, हे त्याला पटत नव्हतं. एकदा त्यानं पोराची पेटी उचलली आणि कोठ्यातल्या हळदीच्या ढिगात पुरून टाकली. पोरगं महिनाभर पेटी शोधत होतं. हळद विकायला काढली तेव्हा पोत्यांबरोबर पेटीही निघाली, पिवळीजर्द. तिचा एक सूर कायमचा बसला. पोरगं त्या सुराला टाळून गायला शिकलं. पुढं परीक्षकांनी त्याच्या गायकीत काहीतरी वेगळं आहे असं म्हटलं, ते हेच असावं.

गाण्याचा तो टीव्हीवरचा कार्यक्रम तेव्हा अगदी जोरात होता. तो ज्या दिवशी लागायचा त्या दिवशी आमच्या देवळातलं भजन लवकर आटपायचं. मुलगी बघायला आलेले पाहुणे ती वेळ सांभाळून निघायचे किंवा ती वेळ सांभाळून बसायचे. पोरगं चोरून नांदेडला चाचणी देऊन आलं आणि निवडलं गेलं. मग काही दिवसांनी टीव्हीवाले त्याचं गाव, घर, आईवडील यांचं चित्रण करायला आमच्याकडे आले. पोरगं तिकडे मुंबईत सरावात अडकलेलं.

नेमके ते हळद शिजवायचे दिवस. दादा म्हणाला, मी त्या लोकांपुढं बसणार न्हाई, आणि सकाळीच शेतात निघून गेला. वहिनीनं चुलीवर भाकरी केल्या, त्या टीव्हीवाल्यांनी चित्रित केल्या आणि नंतर खाल्ल्या. त्यांच्यात एक मुलगी प्रमुख होती, हसतमुख, पायात मोठे बूट. घरातलं कुणी बोलणारं आहे का, असं तिनं विचारलं. सगळ्या गावानं माझ्याकडे बोट केलं. निंबाखाली खुर्ची टाकून मला बसवलं, कॉलरला छोटा माइक लावला आणि ती म्हणाली, "काका, मुलाच्या वडिलांबद्दल थोडं सांगा ना."

आता माझी अडचण समजून घ्या. माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे मला एकच भाषण येत होतं, आणि ते मी आजवर एकाच ठिकाणी केलं होतं. मी उठून उभा राहिलो, हात पुढं बांधले आणि सुरू झालो. मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी. एकदा गाडी उतरणीला लागली की मधे थांबत नाही. मला कळायच्या आत मी शेवटापर्यंत पोचलो, आणि ईश्वर मृतात्म्यास शांती देवो म्हणून खाली बसलो. सवयीनं डोळेही मिटले होते.

डोळे उघडले तर ती मुलगी रडत होती.

तिनं विचारलं, कधी गेले? मी इथं थांबायला हवं होतं. हसून म्हणायला हवं होतं, अहो, जिभेची सवय, तो तिकडे शेतात हळद शिजवतोय. सगळे हसले असते, विषय संपला असता. पण माझ्या भाषणानं एखादी शिकलेली, शहरातली मुलगी रडली असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मी म्हणालो, पोरगं लहान असतानाच. तिनं विचारलं, ते गायचे का? मी म्हणालो, गायचे म्हणजे काय, हळदीला पाणी देता देता पोराला खांद्यावर घेऊन गायचे. पहिला सूर त्यांनीच दिला. जाताना म्हणाले, पोरा, गाणं सोडू नको. पहिलं भाषण सवयीनं गेलं, ही पुढची वाक्यं मी माझ्या अकलेनं बोललो. अपराध तो आहे.

कॅमेरावाला म्हणाला, शेवटचं वाक्य परत घेऊ, मधे ट्रॅक्टर गेला. मी परत म्हटलं, आणि पहिल्यापेक्षा चांगलं म्हटलं. तो ट्रॅक्टर दादा स्वतः चालवत होता. आमच्याकडे बघून त्यानं तोंड फिरवलं होतं.

ते लोक फोटो मागत होते. मीच घरातून आणून दिला. वहिनीला मी एवढंच सांगितलं की टीव्हीवर दाखवायला पाहिजे, आणि ते खोटं नव्हतं.

तो भाग देवळासमोर मोठा टीव्ही लावून सगळ्या गावानं एकत्र पाहिला. दादा नको नको म्हणत आला आणि मधोमध बसून तंबाखू मळू लागला. आधी आमची कमान दिसली, मग भाकरी थापणारे हात दिसले, मग निंबाखाली मी. माझा आवाज सुरू झाला. मागे बासरी वाजत होती. आणि मग पडदाभर दादाचा फोटो आला, हार घातलेला, खाली समई. हार आणि समई त्यांनी तिकडेच काहीतरी करून चिकटवली होती. तिकडे स्टुडिओत परीक्षक रडत होते, प्रेक्षक रडत होते, पोरगं मधोमध उभं होतं आणि त्याच्या तोंडावर असा भाव होता की बघणाऱ्याला वाटावं, दुःखानं दगड झालाय. तो दुःखाचा नव्हता. त्याला हे तिथंच, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा दाखवलं होतं. बाप मेल्याची बातमी त्याला गुरुजीकाकाकडून कळत होती.

दादाची तंबाखू हातातच राहिली. मग त्यानं विचारलं, फोटो कोणी दिला? मी म्हणालो, मी. तो म्हणाला, "बरा आला." आणि उठून घरी गेला.

वहिनी माझ्यासमोर आली. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि ते ती मुद्दाम माझ्यासमोर धरून उभी होती. "भाऊजी, तुमच्या जिभेला हाड हाय का न्हाई? जित्या नवऱ्याचं कुंकू पुसून राहिले तुमी, ते बी सगळ्या दुनियेसमोर." त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी तिची समजूत घातली की मेल्याची खोटी वार्ता उठली म्हणजे आयुष्य वाढतं. दादा म्हणाला, आयुष्य वाढलं, पण ते घालवायचं कुठं ते सांगा.

पोराचा मला फोन आला. काका, मी काय करू? उद्या सांगून टाकू का? मी त्याला म्हणालो, आधी गाऊन घे. मग बघू. हा माझा दुसरा अपराध, आणि हा पहिल्याहून मोठा, कारण इथं जीभ घसरली नव्हती.

लोकांनी त्याला मतं दिली ती अशी की मोजणारे थकले असतील. तो शेवटच्या काही जणांत पोचला. पहिला आला नाही, पण त्याचं नाव झालं, आणि त्याच्यापेक्षा त्याच्या बापाचं जास्त झालं.

मग दुखवटा घेऊन माणसं येऊ लागली. जवळच्या सोयऱ्यांना खरं माहीत होतं, पण लांबच्यांचं काय करणार? वाशिमकडची दादाची एक आतेबहीण आली. आमच्याकडे शोक करायला येणारी बाई गावाच्या वेशीपासूनच गळा काढते. तिनं तसाच काढला. दादाच्या गुणांचं वर्णन करत, छाती पिटत ती गल्लीतून आली, मागून तिचा नवरा टॉवेल-टोपी आणि लुगड्याची पिशवी घेऊन. ओट्यावर दादा शेंगा फोडत बसला होता. तिनं त्याला पाहिलं, एका श्वासापुरती अडखळली, आणि पुन्हा सुरू झाली. मधेच तोडणं बरं दिसलं नसतं. दादा शेंगा बाजूला ठेवून मान खाली घालून बसला. ती थांबल्यावर त्यानं तिला पाणी दिलं. ती म्हणाली, आता आणलंच हाय तर ठिवा. टॉवेल तिनं दादाच्याच खांद्यावर टाकला, टोपी त्याच्याच डोक्यावर घातली. माप बरोबर होतं.

इथवर हसण्यासारखं होतं. हसून झाल्यावर जे उरलं ते सांगतो.

पोरगं नांदेडला राहू लागलं, गाण्याचे वर्ग घेऊ लागलं, त्याचा ऑर्केस्ट्रा झाला. गणपतीत, नवरात्रात, जत्रेत त्याला बोलावणी येऊ लागली. जिथं जाईल तिथं निवेदक आधी त्याच्या कैलासवासी वडिलांची गोष्ट सांगायचा, लोक हळहळायचे, मग गाणं. त्याशिवाय लोकांना गाणं अपुरं वाटायचं. पोरानं एकदा ती गोष्ट सांगू नका म्हटलं, तर आयोजक म्हणाले, मग तुम्हाला बोलावलं कशाला? आणि दादाचं असं झालं की त्याला पोराच्या कार्यक्रमाला जाता येईना. मेलेला बाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या कसा वाजवणार? ज्या माणसानं पेटी हळदीत पुरली त्याला आता गाणं ऐकावंसं वाटू लागलं होतं, आणि माझ्यामुळे त्याचा तो रस्ता बंद झाला. एकदा तो औंढ्याकडच्या एका कार्यक्रमाला तोंडाला गमछा बांधून गेला आणि मांडवाच्या मागं उभा राहिला. तिथं जनरेटर होतं. परत आल्यावर मी विचारलं, कसं गायला? म्हणाला, "जनरेटर चांगलं होतं. एकदाबी बंद पडलं न्हाई."

त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही, असं लिहिलं तर ते माझ्या भाषणासारखं होईल. जेवण जात होतं. पण जेवताना दादाचं ते वाक्य आठवायचं.

मधल्या काळात तो कार्यक्रम उतरणीला लागला. आमच्या दादानंतर त्या कार्यक्रमात दरवर्षी कुणी ना कुणी मरू लागलं होतं. कुणाचा बाप, कुणाची आजी, एका वर्षी एकाचा बैल. जे अजून मेले नव्हते ते आजारी होते. लोकांनी हळूहळू बघणं सोडलं. आमच्या गावातली पोरं आता तळहातावर पडदा धरून स्वतःच गातात आणि स्वतःच बघतात.

आणि मग मागच्या वर्षी मला त्या कार्यक्रमवाल्यांचा फोन आला. कार्यक्रम नव्यानं सुरू होतोय, पूर्वीसारखा गाजवायचा आहे, म्हणून जुन्या गाजलेल्या स्पर्धकांचा एक खास भाग करतोय. तुमचा पुतण्या येणार आहे, तुम्हीही या. काका, तुमचं ते भाषण अजून लोक काढून बघतात.

मी धावत दादाकडे गेलो आणि म्हणालो, आता सुटलो आपण. मी तिथं सगळ्यांसमोर कबूल करतो की मी खोटं बोललो, आणि तुला उभा करतो.

दादानं शांतपणे विचारलं, "तो कार्यक्रम आता कोण बघतं?"

मी म्हणालो, फार कुणी नाही.

"मग कशाला? मेलो तवा सगळ्या दुनियेनं पाह्यलं. जिता होताना कोणीच पाह्यलं न्हाई तर मी मेलेलाच राह्यलो की. जेवढ्यांसमोर मेलो तेवढ्यांसमोर जिता झालो पायजे. आधी कार्यक्रम चालायला पायजे."

आणि असा तो माणूस, ज्यानं आयुष्यात एक गाणं पुरतं ऐकलं नव्हतं, तो त्या कार्यक्रमाचा प्रचारक झाला. त्यानं बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं, अमुक वारी, अमुक वेळेला, टीव्ही लावा. बचत गटाच्या बायांना सांगितलं. नरसीला दर्शनाला गेला तर परतताना प्रसादाच्या दुकानांत सांगत आला. व्यापाऱ्यांना म्हणाला, हळद तुम्हालाच घालतो, पण घरी गेल्यावर हे बघायचं. वहिनी म्हणाली, म्हाताऱ्याला काही झालंय का बघा. मी त्याच्याबरोबर असायचोच. अपराधी माणसाला बरोबर राहावं लागतं.

कार्यक्रम पुन्हा चालेल की नाही, याची चौकशी आम्ही जेवढी केली तेवढी त्या चॅनलवाल्यांनीही केली नसेल. वारंगा फाट्यावर एका हॉटेलात आम्ही नांदेडला जाता-येता चहाला थांबतो. तिथं भिंतीवर टीव्ही आहे. दादानं हॉटेलवाल्याला विचारलं, काहून बघत न्हाईत लोक तो कार्यक्रम आता? हॉटेलवाला भजी तळता तळता म्हणाला, त्याच्यात गाणं कमी आन् रडणं जास्त झालं. बाकावर बसलेला एक ट्रकवाला म्हणाला, सगळं बनवाबनवी करून राहिले, कोणाचा बाप मारतात, कोणाची माय मारतात, आपण तरी कोणाकोणासाठी रडावं? मी चहात बघत राहिलो.

हॉटेलवाला म्हणाला, "एकच खरं होतं त्याच्यात. आपल्या वसमतकडचं पोरगं आलतं पहा, ज्याचा बाप हळदीच्या वावरात गाणं शिकवायचा. तसा बाप पुन्हा झाला न्हाई. मी रडलो होतो, खोटं कशाला सांगू."

दादा म्हणाला, व्हय, ते खरं होतं. आणि बशीत चहा ओतून घेतला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, तू माझ्यापेक्षा बरा माणूस मारलास रे. जो मेला तो पोराला खांद्यावर घेऊन गात होता. जो राह्यला त्यानं पेटी पुरली. लोकांनी चांगल्याच माणसाला मतं दिली.

हे मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मुंबईला आम्ही दोघं गेलो. पोरगं आधीच पोचलं होतं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, गार हवेत, मी प्रमुख साहेबांना सगळं सांगितलं. दादाला समोर उभं केलं. साहेब तरुण होता. त्यानं दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा दादाकडे, आणि म्हणाला, काका, हे आता शक्य नाही. यांच्या आठवणीत आम्ही तेव्हा एक पूर्ण भाग केला होता. आता हे जिवंत निघाले तर लोक म्हणतील बाकीचेही जिवंत असतील. मी म्हणालो, बाकीचे आहेत का? तो म्हणाला, ते मला माहीत नाही आणि मला विचारायचंही नाही.

मग त्याला एक कल्पना सुचली. हे वडिलांसारखेच दिसतात. हे वडिलांचे भाऊ म्हणून पहिल्या रांगेत बसले तर? लोकांना फोटो आठवेल आणि सगळं वातावरणच भारून जाईल. मी संतापलो. मी म्हणालो, एक खोटं काढायला आलोय, तुम्ही दुसरं चढवताय. पण दादानं माझा हात धरला आणि साहेबाला विचारलं, पहिल्या रांगेत म्हणजे अगदी समोर ना? मधी खांब-बिंब न्हाई ना? साहेब म्हणाला, अगदी समोर. दादा म्हणाला, चालंल.

असा दादा स्वतःचा भाऊ होऊन बसला. पोरगं गायला आलं. त्यानं दादाला समोर बघितलं आणि पहिली ओळ विसरला. पुन्हा सुरू केलं. मी दादाच्या शेजारी होतो. गाणं होईपर्यंत त्यानं पापणी हलवली नाही. हळदीच्या कुकरचा वाफेचा काटा बघत बसतो तसा तो बसला होता, जरा नजर हलली तर माल बिघडेल अशा चेहऱ्यानं.

गाणं झाल्यावर निवेदिका माइक घेऊन आली आणि तिनं दादाला विचारलं, आज तुमचे भाऊ असते तर काय म्हणाले असते? दादा उभा राहिला. त्याला भाषण येत नाही. तो पोराकडे बघून बोलला.

"माझा भाऊ लई वाईट वागला या पोरासंगं. त्यानं याला गाणं शिकवलं न्हाई. याची पेटी हळदीत पुरून ठिवली. पोरगं चोरून गायचं तवा भिंतीआडून ऐकायचा, आन् समोर आलं की शिव्या द्यायचा. बराबर केलं न्हाई त्यानं. त्याला ते सांगता आलं न्हाई, म्हणून मी सांगून राहिलो."

निवेदिकेच्या हातातल्या कागदावर असं काही नव्हतं. ती पोराकडे बघू लागली.

पोरगं म्हणालं, "भेटले तर सांगा त्यांना. माझ्या मनात काही न्हाई."

दादा म्हणाला, "सांगतो." आणि खाली बसला.

परीक्षकांपैकी कुणाला काही कळलं नाही. तरी टाळ्या झाल्या, कारण टाळ्या वाजवायची खूण झाली होती.

तो भाग लागला तेव्हा त्यातलं हे सगळं कापलेलं होतं. मेलेला बाप थोर होता, त्याचा भाऊ त्याच्याबद्दल वाईट बोलतो हे बसेना. फक्त दादा नाक पुसताना दिसला आणि खाली अक्षरं आली, भावाच्या आठवणीनं काका हळवे. बचत गटाच्या बायांनी पाहिलं, व्यापाऱ्यांपैकी काहींनी पाहिलं. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं दादाला दिलेला शब्द पाळून टीव्ही लावला, पण गिऱ्हाइकांनी क्रिकेट लावायला सांगितलं. पुढं एकदा तिथं थांबलो तर तो दादाकडे बोट दाखवून दुसऱ्याला सांगत होता, यांचाच भाऊ गेला तो.

कार्यक्रम पुन्हा उठला नाही. अजून चालू आहे असं म्हणतात. माझं मत विचाराल तर तो पूर्वीसारखा चालणार नाही. लोक गाण्याला कंटाळले असं मला वाटत नाही. आम्ही त्यांना फुकटात रडायला लावलं, आणि तशी माणसं एकदा फसली की खऱ्या रडण्यालाही हात आखडता घेतात. त्यात माझा वाटा किती ते ठरवणं माझं काम नाही. पण दादा जिवंत असल्याचं सांगायला तो पडदा आता उपयोगाचा राहिला नाही, एवढं नक्की. म्हणून हे लिहिणं.

त्यानंतर दादा पोराच्या कार्यक्रमांना उघडपणे जाऊ लागला. काका म्हणून त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. यंदाच्या गणपतीत कळमनुरीच्या पुढच्या एका गावात पोराचा कार्यक्रम होता. मी ठरवून गेलो होतो. सुरू व्हायच्या आधी मी निवेदकाला गाठलं आणि सांगितलं, हे समोर टोपीवाले बसलेत ना, तेच याचे वडील, ते हयात आहेत, तुम्ही कैलासवासी म्हणू नका. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळे ओले केले आणि म्हणाला, व्हय गुरुजी, अशी माणसं कुठं मरत असतात?

आणि माइकवर जाऊन तो म्हणाला, जे आजही आपल्यातच बसले आहेत असं आमच्या गुरुजींना वाटतं, त्या थोर पित्याला आपण सगळे उभं राहून श्रद्धांजली वाहू. दोन मिनिटं शांतता पाळावी.

सगळा मांडव उभा राहिला. बाया उभ्या राहिल्या, पोलीसपाटील उभा राहिला, भेळवाल्यानं डाव खाली ठेवला. मी बसून राहिलो. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, गुरुजी, उठा की. मी म्हणालो, तो जिता आहे, मी उठणार नाही. तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. दादा होता. तो टोपी काढून, मान खाली घालून स्वतःसाठी उभा होता.

"ऊठ रे," तो कुजबुजला. "बरं दिसत न्हाई. लोकं एवढं करून राहिले."

मी उठलो. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. गेली कित्येक वर्षं ज्याच्यामुळे मला चैन नव्हती त्या माणसाला मी त्याच्याच शेजारी उभा राहून श्रद्धांजली वाहिली, आणि पहिल्यांदा एक शब्द न बोलता वाहिली.

मग सगळे बसले आणि पोरगं गायला लागलं. दादाला ताल कळत नाही. तो गुडघ्यावर हात मारत होता, सगळा चुकीचा, कधी आधी, कधी नंतर. पोरानं दोन ओळी नीट म्हटल्या. मग त्याची नजर त्या हाताकडे गेली आणि तिथंच राहिली. तबलेवाला गोंधळून त्याच्याकडे बघू लागला, पेटीवाला थांबला, लोक एकमेकांकडे बघू लागले. पोरगं मात्र त्या गुडघ्यावरच्या हाताबरोबर पुढं-मागं होत, चुकत, शेवटपर्यंत गात राहिलं.